कडब्यामागची घरं

"पायानं बघितलंयस काय?"

कुणीही नकाशा पुढं ठेवला की आण्णांचा पहिला प्रश्न हाच असायचा. विचारताना ते कागदाकडं बघायचेच नाहीत, आणणाऱ्याच्या चपलांकडं बघायचे. चपला स्वच्छ दिसल्या की गुंडाळी न उघडताच परत सरकवायची आणि म्हणायचं, "जा, आधी फिरून ये." मग तो नवा पोरगा असो नाहीतर वरच्या हुद्द्याचा माणूस.

मी कोल्हापुरात नगररचनेच्या ऑफिसात नवा ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा, म्हणून लागलो होतो आणि आण्णा निवृत्तीला आलेले सर्व्हेअर होते. त्यांचं खरं नाव इथं लिहीत नाही, लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असणारच, की जो खोलीत आला की साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसतो. आमच्यात ते आण्णा. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. एकदा मी एक देऊळ नकाशात दहा फूट बाजूला दाखवलं, तर भर उन्हात मला परत मोजणीची साखळी धरायला लावली. देऊळ जागेवर आल्यावर त्याच देवळाच्या पायरीवर बसून आपली अर्धी भाकरी मला दिली आणि वर म्हणाले, "देव काय बोलत न्हाय, म्हणून त्याला ढकलायचा व्हय रे?"

त्या वर्षी हातकणंगल्याच्या बाजूच्या एका छोट्या गावाचा विकास आराखडा सुधारायचं काम आमच्याकडं आलं. रस्ता कुठं, शाळा कुठं, बाजार कुठं, हे पुढच्या वीस वर्षांसाठी कागदावर ठरवायचं. मग तो कागद लोकांना दाखवायचा, त्यांच्या हरकती घ्यायच्या, आणि सुनावणी करून पक्का करायचा. जुना आराखडा होताच. त्याची पाहणी तरुणपणी आण्णांनीच केलेली होती आणि कोपऱ्यात त्यांची सही होती.

आम्ही पाहणीला गेलो तेव्हा गणपती नुकते गेले होते. गावाच्या वेशीबाहेर ओढ्याकडेला गुळव्यांची गल्ली आहे. गूळ करणारे गुळवे आणि चुलवणाला जाळ घालणारे जळवे तिथं राहतात. मुसलमानांची घरं आहेत, मराठ्यांची आहेत, बौद्धांची आहेत, भिंतीला भिंत लागून. मी मोजली, एकतीस घरं. आण्णा मात्र गल्लीच्या तोंडाशीच उभे राहिले. एका म्हाताऱ्याला त्यांनी घर कधीचं म्हणून विचारलं. "माझ्या बापानं बांधलंय की," म्हातारा म्हणाला. आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

ऑफिसात साहेबांनी माझी पाहणी जुन्या नकाशाशेजारी ठेवली. ज्या जागी मी एकतीस पिवळी घरं दाखवली होती, तिथं जुन्या नकाशात हिरवा रंग होता. हिरवा म्हणजे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवर तेव्हाच बाजाराचं आरक्षण टाकलं होतं, फक्त बाजार बांधायचा राहून गेला होता. साहेबांचा हिशेब सरळ होता. जुन्या पाहणीत घरं नाहीत, म्हणजे ती नंतर झाली. आरक्षणाच्या जागेत नंतर झालेली घरं म्हणजे अतिक्रमण. आराखडा पक्का झाला की काढायची. लोकांकडं घरपट्टीच्या पावत्या होत्या, पण त्याही जुन्या नकाशानंतरच्या. त्याआधी ती वस्ती नगरपालिकेच्या हद्दीतच नव्हती. थोडक्यात, घरं आधीची की नंतरची हे सांगणारा जगात एकच कागद होता आणि तो खोटं बोलत होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे खोटं आहे हे मला मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं. आण्णांना होतं.

आराखडा दिवाळीनंतर प्रसिद्ध झाला. हरकतींना साठ दिवस. नोटीस नगरपालिकेच्या फळ्यावर लागली, पेपरात आली, दवंडीही पिटली. दवंडीवाला गुळव्यांच्या गल्लीतही ढोल वाजवून आला म्हणे. ऐकायला तिथं कोण होतं? दिवाळी झाली की ती गल्ली उठते. ऊस तोडणीला आला की गुळवे, जळवे, बायकापोरं, कोंबड्या सगळं गुऱ्हाळावर, ते थेट शिमग्यापर्यंत. जाताना कुत्रीमांजरं शिरू नयेत म्हणून दारापुढं कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवायच्या, ही तिथली पिढीजात रीत. पन्नास दिवस गेले. गावातून हरकती भरपूर आल्या, कुणाची गटार, कुणाचा कोपरा. गल्लीतून एकही आली नाही.

आण्णा त्या दिवसांत भुतासारखे वागत होते. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. नव्या पोरांचे नकाशे चपला न बघताच घ्यायला लागले, तेव्हा मात्र मी घाबरलो. एका शनिवारी मला म्हणाले, "उद्या काय काम हाय तुला? माझ्यासंगं चल."

रविवारी आम्ही पंचगंगेच्या काठानं गुऱ्हाळं हुडकत निघालो. पहिल्याच गुऱ्हाळावर दस्तगीर भेटला, त्या गल्लीतला सगळ्यात जुना गुळव्या. काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, रस आटून उतरायला आला होता. अशा वेळी गुळव्या देवालाही ओ देत नाही. आण्णा अर्धा तास धुरात उभे राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं. काहील गूळ निववायच्या वाफ्यात ओतून झाली, दस्तगीरनं हात धुतले, तेव्हा आण्णांनी त्याला सगळं सांगितलं.

"नकाशात आमची घरं न्हाईत? कुणी काढली?"

"मी."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. आण्णा थांबले नाहीत. जुनी पाहणी पौषातली होती. तीच गल्ली तेवढी राहिली होती. दुपारचे बारा वाजलेले आणि गावात एका पुढाऱ्याकडं मटणाच्या जेवणाचं बोलावणं होतं. आण्णा ओढ्यापर्यंत गेले नाहीत. शाळेच्या गच्चीवरून नजर टाकली, ओळीनं कडबा रचलेला दिसला, मागची उसाच्या पाल्याची ठेंगणी छपरं त्यातच मिसळून गेलेली. कडब्याच्या गंजी म्हणून लिहिलं, हिरवा रंग दिला आणि जेवायला गेले.

जळव्यानं जाळ घालायचं थांबवलं होतं, त्याला दस्तगीरनं हातानंच खूण केली, घाल म्हणून. मग आण्णांना म्हणाला, "आता काय, माफी मागायला आलाय व्हय?"

"न्हाय. अंगठे घ्यायला आलोय. धा दिवस राहिल्यात."

असा माणूस. त्या दहा दिवसांत दोन रविवार, एक संक्रांतीची सुट्टी आणि बाकी आण्णांच्या किरकोळ रजा. आम्ही चौदा गुऱ्हाळं फिरलो. काहींनी अंगठा दिला, काहींनी शिव्या दिल्या. एका बाईनं आण्णांच्या तोंडावर सांगितलं की तुझं जेवण माझ्या घराएवढं होतं. आण्णांनी मान खाली घालून तिच्यापुढंही कागद धरला. चिकट हातांचे ठसे कागदाला कागद चिकटवत होते, म्हणून मी मध्ये राख पसरत होतो. मला त्यांचा राग येत होता, खोटं कशाला सांगू. ज्यानं मला पायानं बघायला शिकवलं त्यानंच हे करावं? आणि रागावूनही मी त्यांच्या मागं मागं चालत होतो.

शेवटच्या दिवशी साडेचारला हरकत दाखल झाली. एकतीस घरांपैकी अठ्ठावीस घरांचे अंगठे.

पण हरकत म्हणजे पुरावा नव्हे. अतिक्रमण करणारा आपलं घर जुनं आहे असंच म्हणणार. सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी आण्णांना बोलावलं. साहेब वाईट नव्हते. आण्णांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते, चौकशी लागली तर उतारवयात हाल होतील, हे त्यांना कळत होतं. त्या वेळी घरं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच लिहून द्या, पुढचं मी निभावून नेतो, असं ते म्हणाले.

"शक्यतेनं घर वाचतं काय, साहेब?" आण्णांनी विचारलं.

साहेब हळूच म्हणाले की आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय. आण्णा नमस्कार करून बाहेर आले.

सुनावणीला नगरपालिकेचा हॉल भरला होता. गल्लीतले दहा-बारा जण गुऱ्हाळं सोडून आले होते, एका काहिलीचं नुकसान सोसून. सुनावणी घेणाऱ्या समितीनं जुना नकाशा भिंतीवर लावला होता, हिरवा तुकडा लांबूनही दिसत होता. हरकतीचा पुकारा झाला, आणि सरकारी बाजूच्या बाकावरून आण्णा उठले आणि हरकतदारांच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"ह्या नकाशावर सही माझी हाय," ते म्हणाले. "तिथं तवा बी घरं होती. मी त्या गल्लीत गेलोच न्हाय."

समितीतल्या एकानं विचारलं, का गेला नाहीत? एवढं विचारायची गरज नव्हती. आण्णा आजारपण सांगू शकले असते, ओढ्याला पाणी होतं म्हणू शकले असते. पुढाऱ्याकडं जेवण होतं, मटण गार होईल म्हणून गेलो नाही, असं त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी चार जण हसले. आण्णा हसणं थांबेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "लिहून घ्या तसंच."

आरक्षण उठलं. बाजार गावाच्या दुसऱ्या अंगाला गायरानात गेला. पक्क्या नकाशात ती एकतीस घरं मी स्वतः पिवळी रंगवली. आण्णांच्या मागं मात्र चौकशी लागली, आणि ती संपायच्या आत ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला निम्मं ऑफिस आलं नाही. मी हार घातला तेव्हा त्यांनी तो लगेच काढून माझ्या हातात दिला. पुन्हा ते ऑफिसात दिसले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेलो नाही, याची लाज मला आजही वाटते.

तीन-चार वर्षांनी पौषात दुसऱ्या एका कामासाठी त्या गावाला गेलो. गल्ली ओस पडली होती, दारांपुढं कडबा. पण प्रत्येक घराच्या भिंतीवर, कडब्याच्या वर, चुन्यानं लिहिलं होतं, 'घर आहे. माणसं गुऱ्हाळावर.' एकतीस वेळा, आणि एकाही अक्षराची रेघ हललेली नाही. आण्णांच्या नकाशांवरचं ते अक्षर मी हजार वेळा ट्रेस केलं होतं. चौकशी केली तेव्हा शाळेच्या शिपायानं सांगितलं, गल्ली उठली की दुसऱ्या दिवशी एक म्हातारा कोल्हापूरच्या एसटीनं येतो, चुन्याचं डबडं आणि शिडी मागून घेतो, आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. जेवायला या म्हटलं तर येत नाही.

त्यानंतर मी दरवर्षी पौषात काही ना काही निमित्त काढून तिथं जायचो. लांबूनच अक्षर बघायचो आणि परत यायचो. पाचव्या वर्षी गेलो तेव्हाही सगळ्या भिंतींवर चुना ताजा होता, मजकूरही तोच होता. अक्षर दुसऱ्याचं होतं.