कंपनीचा विस्तव

“आई, सगळे झोपलेत. मीपण जरा पडते.”

सून फोनवर एवढं बोलली आणि मला कळलं की ती मरायला लागली आहे.

दुपारचे साडेबारा झाले होते. मी जर्मनीत, नेकारसुल्मच्या घरी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. सून तिथून तासाभरावर, नदीवरच्या एका रेल्वेपुलाजवळ तंबूत होती. अंगात जर्मन फौजेचा गणवेश होता आणि बाहेर दोन दिवसांचा पाऊस लागला होता.

“डोकं दुखतंय का?” मी विचारलं.

“दुखतंय. सगळ्यांचंच दुखतंय. हवेमुळे म्हणतात.”

“सगळ्यांचं?”

“हो, सगळ्यांचं. आणि पाय एवढे जड झालेत, आई. मघाशी उठायला गेले तर बसलेच. हसूच आलं मला.”

“आत काय पेटवलंय?”

“कोळसा आहे. पण धूर नाही हो. अजिबात धूर नाही.”

मी कुकरखालची आच बंद केली.

ही बाई तंबूत कशी पोचली ते आधी सांगते. माझा मुलगा आणि सून दोघं इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. आमचे मालक, म्हणजे मुलाचे बाबा, वारल्यावर मुलाने मला इकडे आणलं. सुनेने जर्मन पासपोर्ट घेतला आणि वर्षभराने एकदा जेवताना म्हणाली, “मी राखीव फौजेत नाव घातलंय.”

मुलगा हसला. “तू? परवा तळघरात उंदीर दिसला तर वॉशिंग मशीनवर चढली होतीस.”

“उंदीर नाही मारायचा. पूल राखायचाय.”

“या वयात?” मी म्हटलं.

“अहो आई, बाबा नव्हते का राखीव फौजेत?”

“होते. म्हणून सांगते, जाऊ नकोस.”

“का पण?”

“जाऊ नकोस म्हटलं ना.”

ती म्हणाली, घर इथे आहे, पोरगी इथे जन्मली, इथला एखादा पूल पडला तर तो माझाही पडणार. मुलगा जेवायला लागला.  मला राग आला होता आणि रागात मी कारण सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं.

कारण असं होतं. आमचे मालक रेल्वेत फिटर होते. तेव्हा तिकडे भारतात रेल्वेच्या कामगारांचीच एक राखीव तुकडी होती. वर्षभर आपलं काम करायचं आणि महिनाभर गणवेश घालून कवायत करायची. लढाई लागली की तुकडी उभी राहायची आणि गाड्या, पूल, सिग्नल सांभाळायची. एका थंडीत त्यांना उत्तरेकडे एका पुलावर पाठवलं. चार जण एका तंबूत होते. शेगडीतला कोळसा बाहेर नीट फुलला, धूर थांबला, म्हणून त्यांनी शेगडी आत घेतली. पहाटे मालकांचं डोकं फार दुखायला लागलं, म्हणून ते बादली घेऊन पाण्याला गेले आणि वाटेतच पडले. बाहेर पडले म्हणून वाचले. परत आले तर तिघं झोपल्यासारखे होते. उठले नाहीत. कोळशाच्या विषारी वायूला धूर नसतो, वासही नसतो.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर आमच्या घरी बंद खोलीत शेगडी कधी आली नाही. माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी शेक द्यायला शेगडी आणली तर हे दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसून राहायचे. वारा लागेल म्हणून सासूबाई भांडायच्या. हे उठायचे नाहीत. पुढे ती तुकडी सरकारने मोडली. तिचा पितळी बिल्ला माझ्या डब्यात आहे. बाकी काही उरलेलं नाही.

सून शनिवार-रविवारी शिकायला जायला लागली. हळूहळू मला सगळं समजलं, कारण ती घरी येऊन सांगत बसायची. इथे घरचा मुलूख राखणारी एक रेजिमेंट असते. तिच्या खाली कंपन्या असतात, आपापल्या भागातल्या. कंपनीत सगळे रोजचे लोक असतात. सुनेच्या टोळीत बसचा ड्रायव्हर होता, एक नर्स होती, कॉलेजात शिकवणारा एक मास्तर होता. खरी फौज पुढे जाणार आणि हे लोक मागे पूल, रूळ आणि कोठारं सांभाळणार. चहाचे कप मांडून तिने मला हे दाखवलं.

“आणि ती फौज पुढे कुठे जाणार?” मी विचारलं.

तिने एक कप टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला आणि परत आणून धुवायला ठेवला. त्या वर्षी दुकानात, बसमध्ये लोक लढाई लागेल का, हेच बोलत होते. पाण्याच्या बाटल्या साठवा, बॅटरी ठेवा, मेणबत्त्या ठेवा, अशी पत्रकंही घरी आली होती.

तिच्या कंपनीला इतिहास होता. दोन जर्मनी होत्या तेव्हा त्या भागात अशीच कंपनी होती. माणसं आपापल्या घरी आणि बंदुका, बूट, तंबू एका मोठ्या शेडमध्ये कुलुपात. पत्र आलं की यायचं आणि बूट चढवायचे. बर्लिनची भिंत पडली तशी सरकारला वाटलं आता कोण येतंय. कंपनी मोडली. त्या शेडमध्ये आज गालिच्यांचं दुकान आहे. आता पुन्हा भरती सुरू झाली तेव्हा नव्या कंपनीला त्या जुन्या कंपनीचाच नंबर दिला.

जुन्यातला एकच माणूस नव्या कंपनीत होता. फेल्डवेबेल, म्हणजे आपल्याकडचा हवालदार. धंद्याने घरांची छपरं घालणारा, साठी ओलांडलेला. कंपनी मोडली त्या दिवशी तिचं निशाण आणि एक लोखंडी घमेलं तो घरी घेऊन गेला होता. इतकी वर्षं दोन्ही त्याच्या गॅरेजमध्ये होती.

शपथेच्या दिवशी गावच्या चौकात मी ते घमेलं पाहिलं. तीन पायांचं, जाड, काठावर कंपनीचा नंबर ठोकलेला. सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात नवा अशा दोघांनी मिळून त्यात विस्तव करायचा आणि तळ उठेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, अशी त्या कंपनीची रीत. ज्याच्या पाळीत विझेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. फेल्डवेबेल माझ्यापुढे वाकून घमेल्यावर बोटं वाजवत म्हणाला, “मी असताना एकदाही विझला नाही.” सून मला मराठीत सांगत होती.

“पाऊस आला तर?” मी विचारलं.

तो मोठ्याने हसला. “गेनाऊ! बरोब्बर! हे फक्त आजीच विचारणार. पाऊस आला तर आम्ही विस्तवाला घरात घेतो.”

सगळे हसले. सूनही हसली. मला वाटलं, हा गंमत करतोय.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन म्हातारी राहते, माझ्याहून मोठी. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण शेंगा मोडायला, बटाटे सोलायला बसतो. सून पहिल्यांदा गणवेशात जिना उतरली तेव्हा म्हातारीने तिला पाहिलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मला एक फोटो दाखवला. तिचा आजा, टोपी घातलेला, अंगात साधा कोट, दंडावर पट्टी. मुलाने मला नंतर सांगितलं, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उरलेली म्हातारी माणसं आणि पोरं गोळा केली होती. गणवेश शिल्लक नव्हते म्हणून कोटावर पट्टी. त्यांनाही पुलावर बसवलं होतं. तिने दोन्ही हात एकमेकांना जोडून पूल केला, मग हात फाकवले आणि फोटोवर बोट ठेवलं. एवढ्यावर ती उठली आणि बटाटे चिरायला लागली.

नोव्हेंबरात सुनेचा आठवडाभराचा सराव आला. पुलाचा पहारा, दोन तास उभं राहायचं, चार तास तंबूत पडायचं, रात्रंदिवस. फोन एका पेटीत जमा करायचा नियम होता. मी म्हटलं, रोज दुपारी फोन नाही आला तर मी जेवणार नाही.

“आई, अहो नियम आहे.”

“असू दे. मी उपाशी राहीन.”

“तुम्ही ना, फेल्डवेबेलच्या वरच्या आहात.” तिने घरातला जुना फोन मोज्यात घातला. जाताना फ्रिजवर कागद लावला. त्यावर तळाचं ठिकाण आणि कंपनीच्या माणसाचा नंबर होता.

पहिल्या दिवशी फोन आला. लाकडं ओली आहेत, विस्तव धुरकट आहे, डोळे चुरचुरतात. दुसऱ्या दिवशी आला. ड्रायव्हरने सॉसेज भाजायला आणलेला कोळसा आता घमेल्यात घालतोय, धूर बंद झाला, सगळे खूश आहेत. तेव्हा घमेलं बाहेर होतं. मी विचारलं होतं, बाहेर आहे ना? हो म्हणाली होती. तेव्हाही मी कारण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, हे मला नंतर कळलं, पाऊस वाढला, विस्तव जायला लागला, तेव्हा फेल्डवेबेलने घमेलं उचलून झोपायच्या तंबूत नेलं. पडद्याचे बंद घट्ट बांधले. भिजलं की तंबूच्या कापडाची वीण आवळते. आत वारा म्हणून राहिला नाही.

आणि आता ती मला सांगत होती की धूर नाही.

“घमेलं आत आणलंय का?”

“कंपनीचा विस्तव आहे, आई. विझवायचा नसतो.”

“खड्ड्यात गेला विस्तव! ऊठ. बाहेर हो.”

“पाच मिनिटं.”

“झोपलीस तर मेलीस. ऐकतेस का? त्या विस्तवाने माणसं मरतात. बाबांच्या तंबूतली तीन मेली. ऊठ, भवाने!”

मी सुनेला कधी शिवी दिली नव्हती. ती एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, “ओरडू नका हो.”

“उभी राहू नकोस. पोटावर सरक. पडदा कुठेय?”

“पायाकडे.”

“मग वळ. पडदा उचल. डोकं बाहेर काढ. आधी तू, मग बाकीचे.”

कापड घासल्याचा आवाज आला. तिचा श्वास आला, दमलेल्या गुरासारखा. ती बंद, बंद, असं काहीतरी म्हणाली. गाठ सुटत नसावी. मी म्हटलं, खालून जा, कापडाच्या खालून जा. पुन्हा घासल्याचा आवाज. मग फोन पडला. मग पावसाचा आवाज मोठा झाला. बाहेर फोन गेला होता की तिचं डोकं, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी हाका मारत राहिले. नुसता पाऊस ऐकू येत होता.

मी फ्रिजवरचा कागद ओढला आणि फोन तसाच चालू ठेवून खाली गेले. म्हातारीने दार उघडलं. मला जर्मनचे मोजके शब्द येतात. “त्सेल्ट,” मी म्हटलं, म्हणजे तंबू. “कोप्फ,” म्हणजे डोकं. पुढचा शब्द येईना. मी हाताने नाक-तोंड दाबलं, डोळे मिटले आणि मान टाकली. मग कागदावर बोट ठेवलं.  तिने चष्माही शोधला नाही, कागद खिडकीजवळ धरला आणि नंबर फिरवला. कंपनीचा माणूस बोलला. ती त्याच्यावर ओरडली. मग तिने रुग्णवाहिकेसाठी एकशे बाराला लावलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, हळू आणि स्वच्छ. त्यानंतर आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. माझ्या फोनमधून पाऊस ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यात धावणारे बूट आले, माणसांचं ओरडणं आलं, आणि फोन बंद पडला.

मुलगा कारखान्यातून परस्पर तिकडे गेला. नात शाळेतून आली. तिने जर्मनमध्ये विचारलं, मामा, म्हणजे आई, कधी येणार. मी म्हटलं, माहीत नाही, हात धू. कुकरमधला भात अर्धा कच्चा राहिला होता. मी तो पुन्हा लावला आणि तिला वाढला. ती जेवली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सुनेचं डोकं आणि एक खांदा तंबूच्या कापडाखालून बाहेर चिखलात होता, बाकीची ती आत होती. शेजारच्या पहाऱ्यावरच्या लोकांनी तंबू कापला. फेल्डवेबेल घमेल्याच्या अगदी जवळ होता, उशाला चिमटा. सगळ्यांना इस्पितळात, दाबाने ऑक्सिजन देतात त्या बंद खोलीत ठेवलं होतं.

घमेलं पोलिसांनी नेलं, ते परत आलेलं नाही. निशाणाला काळी फीत लावली आहे. सून महिनाभर जिना चढताना थांबायची, आता थांबत नाही. फेब्रुवारीत ती परत कंपनीत गेली. जायच्या आधी तिने विचारलं, “बाबांचं ते आधी का नाही सांगितलंत?”

“तू ऐकलं नसतंस.”

“ऐकलं असतं, आई.”

 मी डब्यातला बिल्ला काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि परत डब्यात ठेवला.

तंबूत पाच जण होते. फेल्डवेबेल गेला. ड्रायव्हर, नर्स, मास्तर आणि माझी सून जगले.