न बघता दिलेलं बिल्ड

लांज्याला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो, तेव्हा अविनाश गेल्याचा फोन आला. हृदय बंद पडलं, एवढंच त्याची बायको सुनीता बोलू शकली. त्याला आता दीड महिना होईल... रत्नागिरीत आम्ही दोघं मिळून सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस चालवत होतो. त्याचा डावा डोळा गेलेला होता. लोक अपघात समजत. तो अपघात नव्हता.

बंदरावरच्या एका मच्छीमार सोसायटीला आम्ही डिझेलच्या पावत्यांचा प्रोग्रॅम करून दिला होता, जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. सोसायटीच्या मशीनवर जावाची जुनी १.४ आवृत्ती होती आणि आमच्या ऑफिसात नव्या मशीनवर तिच्यानंतरची पाचवी आलेली. नव्या आवृत्तीनं तयार केलेला प्रोग्रॅम, म्हणजे बिल्ड, जुनीवर उघडतच नाही. अविनाश दर वेळी बजावायचा, "बिल्ड ऑफिसातल्या जुन्या मशीनवरच कर." हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी घाईत ते नव्यावर केलं, सोसायटीत जाऊन चढवलं आणि चालवून न बघता घरी आलो.

सकाळी प्रोग्रॅम उघडेना. पावतीशिवाय डिझेल नाही. धक्क्यावर बोटी खोळंबलेल्या, बर्फ वितळत चाललेला. आम्ही दोघं धावलो. मागच्या हंगामातल्या, चालणाऱ्या प्रोग्रॅमची सीडी माझ्या हातात देऊन अविनाश म्हणाला, "तू आत बस. मी यांच्याशी बोलतो."

"अर्धा तास द्या," असं तो बाहेर म्हणाला, तेवढं ऐकू आलं.

"काल चालत होता नि आज बंद? कोणी केलान?" एका बोटीच्या तांडेलानं विचारलं.

"मी," अविनाश म्हणाला.

मग पहिला फटका बसला, लोखंडी पान्याचा. लोक दाराकडे धावले आणि मी आतून कडी लावली. अविनाश दारावर येऊन आपटला. त्याच्या हाताची थाप मी ओळखली... कडी काढली नाही. सीडी कॉपी होत होती आणि पलीकडे हाडावर पडणारे घाव मी ऐकत होतो. दाराखालून रक्ताचा ओघळ आत आला. प्रिंटरमधून पहिली पावती निघाली ती मी खिडकीच्या गजांतून बाहेर धरली, तेव्हा मारणं थांबलं. ज्याच्या हातात पाना होता त्यानंच ती घेतली. कागदावर त्याच्या बोटांचे लाल ठसे उमटले.

जबडा मोडला, डोळा गेला. पोलिसांना अविनाशनं तांडेलाचं नाव सांगितलं. माझं कुणालाच सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी तो ऑफिसात आला, सरळ माझी मान धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. कपाळ फुटलं. मी कसाबसा म्हणालो, "ती कडी..."

"कडी मीही लावली असती." जबड्यामुळे शब्द अडखळत होते. "पण न बघता बिल्ड दिलं नसतं."

रुमाल माझ्याकडे फेकून तो खुर्चीत बसला आणि बिल्डच्या फाइलमध्ये एक अट लिहिली : जावा १.४ नसेल तर काम तिथंच थांबव. त्यानंतर कैक वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं. त्या सकाळचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात सोसायटीनं नवं मशीन घेतलं, म्हणून मी नव्या आवृत्तीवर बिल्ड चालवलं. ते त्या अटीपाशी थांबलं. पडद्यावर त्यानं इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेलं मराठी आलं : गिऱ्हाइकाचं मशीन बघून आलास का?

मी गेलो नव्हतो. उठलो, बंदरावर गेलो, त्याच खोलीत बसून मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते बघितलं. परत येऊन अटीतला आकडा बदलला. त्याचं वाक्य तसंच ठेवलं.