शेजारची जागा

धर्मापुरीच्या उमाबाईंचं सोमवारचं काम ठरलेलं. इष्टलिंगाची पूजा उरकली की तांब्या भरून त्या रस्त्याकडच्या आपल्या शेतात जायच्या. तिथं बांधाजवळ त्यांच्या मालकांची, शिवलिंगप्पांची समाधी. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. किराणा दुकानात मांडी घालून बसायचे, तसेच शिवलिंगप्पा मातीत बसलेले. अर्धं पाणी उमाबाई समाधीवर ओतायच्या, अर्धं शेजारच्या मोकळ्या जागेवर. ती जागा त्यांची स्वतःची. तिथलं गवत उपटायच्या, खडे वेचायच्या. दगड मात्र कधी रोवला नाही. जित्या माणसाच्या नावाचा दगड अशुभ.

"अक्का, एसटीत रुमाल टाकल्यावाणी जागा धरून ठिवलीय तुमी," धाकटी जाऊ संगीता हसायची.

"धरावीच लागती बाई. जित्तेपणी दुकानापायी त्यांना माझ्याजवळ बसाया सवड झाली न्हाई."

महादेवाजवळ त्यांनी एवढं एकच मागून ठेवलं होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी त्या गेल्या, तर शेतात जेसीबी घुरघुरत होता. मुलगा वीरेश रस्त्याला लागून गाळे बांधत होता. समाधी शाबूत होती. पण तिच्या कडेनं पायाचा चर खणला होता. उमाबाईंच्या जागेच्या मधोमध.

"वीरेश, हे कावून केलंस?"

"आई, अप्पाला धक्का लावला न्हाई मी."

"अन् मी?"

वीरेशनं मोबाइलातून मान वर केली नाही. "तू काय आत्ताच चाललीस व्हय? गावाच्या पलीकडं आपल्या समाजाची स्मशानभूमी हाय की. लई झ्याक कंपाउंड केलंय."

"ही जागा माझी, तुला ठावं नव्हतं?"

"ठावं होतं. मला वाटलं, तुमा बायकांची चेष्टा हाय."

उमाबाईंनी वाकून समाधीवर अर्धा तांब्या ओतला. सवयीनं हात शेजारी गेला, तिथं खाली चर. हात थांबला. मग राहिलेलं पाणी त्यांनी उभ्या-उभ्याच पिऊन टाकलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"राग आला का, आई?"

"कशाचा? मेल्यावर मला कुठं बसवायचं, ही उठाठेव माझी न्हवतीच. उगं इतकी वर्षं गवत उपटलं." रिकामा तांब्या त्यांनी काखेत धरला. "आता तुझं तू बघ. कंपाउंडात न्हे, न्हाईतर गाळ्याखाली घाल."

पुढच्या सोमवारी त्यांनी घरातूनच तांब्या अर्धा भरून घेतला.