कॅन्टीनचे फुकट मास्क

ठाण्यातल्या एका कंपनीच्या कॅन्टीन मॅनेजरने माझ्या नणंदेला फसवलं. तिच्या तोंडाची सालटं काढणारे मास्क त्याने दिले आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितलं की ते मी आणले होते.

कल्याणला एका खोलीत मी चपात्यांचा धंदा सुरू केला तेव्हा लाटायला दोघीच होतो, मी आणि ही धाकटी नणंद. पुढे बायका वाढल्या, ऑर्डरी वाढल्या. भाव करण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. पीठवाला मला लांबून बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. या कॅन्टीनमध्ये बायका नेऊन चपात्या करायचं काम घेतानाही मी मॅनेजरला सोडलं नव्हतं. गॅस त्यांचा, तवे त्यांचे, बायकांचा दोन वेळचा चहा त्यांचा. मी चपातीचा भाव उतरवेना, तेव्हा तो म्हणाला, "बरं ताई, मास्क आणि टोप्या आमच्याकडून, कायमच्या. आता तरी थोडं खाली या." मी आले.

करोना कधीच ओसरला होता, पण तिथल्या स्वयंपाकघरात मास्क सक्तीचा होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जेवणावर कोणी शिंकू नये. पण हे मास्क जाडे, आतून प्लास्टिकसारखे गुळगुळीत. पाकीट फोडलं की रॉकेलसारखा भपकारा यायचा. एका बाईला दिवसाला एकच मिळायचा. मोठ्या तव्यासमोर तो घामाने आणि वाफेने लगेच भिजायचा, आणि तोच ओला मास्क तोंडाला चिकटवून जेवणं आटपेपर्यंत उभं राहायचं.

खाज सगळ्यांनाच सुटली. नणंदेचं मात्र वाढत गेलं. हनुवटीवर पुरळ, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे, कानामागे दोरी घासून जखमा.

"वहिनी, काल ह्यांनी दार उघडलं आणि मलाच विचारलं, कोण पाहिजे?" ती हसत म्हणाली. हसताना हनुवटीवरची चीर उघडली आणि रक्त आलं.

मी तिला ठाण्यातच खोपटजवळ त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मास्क मागून घेतला, हुंगला आणि बाजूला ठेवला. "हा त्रास याचाच आहे. दुसऱ्या कोणाला लागणार नाही. सुती मास्क वापरा, भिजला की बदला. मेडिकलवाल्याला विचारून कुठलीही क्रीम चोळू नका." तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

मी सुती मास्क शिवून घेतले आणि मॅनेजरकडे गेले.

"चालणार नाही ताई. कंपनीने ठरवलेलाच मास्क लागतो. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे."

"मग दिवसाला दोन-तीन तरी द्या."

"फुकट मिळतंय, त्यात पण घासाघीस?"

मी तिथेच भडकणार होते. नणंदेने माझा हात दाबला. "जाऊ दे वहिनी, आठवडाभर काढते मी."

तपासणीला हेड ऑफिसमधून एक मॅडम आल्या. नणंदेला बघून त्या थबकल्या. "यांच्या तोंडाला काय झालंय?"

"ह्या मास्कमुळे झालंय," नणंद म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलंही नाही. मॅनेजरला विचारलं, "मास्क कोण पुरवतं?"

"ह्याच आणतात मॅडम, स्वस्तातले," त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "शिवाय ही बाई शहाडच्या चाळीतून येते. तिकडची स्वच्छता कशी असते, तुम्हाला माहीतच आहे."

त्या चाळीतलं तिचं घर मी बघितलंय. तिच्या ओट्यावर कोणी बोट फिरवून दाखवावं. मी हे मोठ्याने सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. "आवाज चढवू नका," म्हणत मॅनेजरने चिठ्ठी घेतली आणि खिशात घातली. मॅडम तोवर फ्रीज बघायला गेल्या होत्या.

माझं काम टिकलं. नणंदेचा गेटपास रद्द झाला, कारण काय तर त्वचारोग. आणि पुढच्याच आठवड्यात बाकीच्या बायकांना कंपनीकडून मऊ सुती मास्क आले, हवे तेवढे.

घरी बसल्यावर तिचा चेहरा बरा झाला. पण कॅन्टीनमधली बातमी चाळीत पोचली होती. शेजारणी आता तिच्या हातचा चहा टाळतात. 'आत्ताच घेतला गं' म्हणतात. जिच्या चपात्या अख्खी कंपनी खात होती, ती पाहुण्यांसमोर कप न्यायला मुलीला पाठवते.

मॅनेजर परवा म्हणाला, तिच्या जागी दुसरी बाई द्या, तुम्ही आधी मागितलेला भाव देतो. मी नाही म्हटलं. मला तीच बाई त्याच तव्यासमोर उभी हवी आहे. त्याने मॅडमना बोलवावं आणि मास्क कोणाचे होते, हे तिच्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं. मॅडमनीही एक उत्तर द्यावं. तोंडाला काय झालंय, हे तुम्हीच विचारलंत आणि तिने सांगितलं. मग तुम्ही ते का ऐकलं नाहीत?