हिरवा दिवा आणि एकेचाळीस गाणी

उलामिलाची नोकरी अशी की ती नीट केली तर कुणाच्या लक्षातही येत नसे. सूवा शहरातल्या लोकगीत संग्रहालयात बेटाबेटांवरून जमवलेली सहा हजार गाणी संगणकावर सांभाळणं हे तिचं काम. एकोणीस वर्षांत तिचा सत्कार एकदाच झाला, तोही नाव चुकवून.

संचालक दिवेंद्र यांचा यंत्रांवर गाढ विश्वास. मार्चमध्ये देणगीतून नवं साठवणयंत्र आलं, तेव्हा त्यांनी फीत कापली आणि पाऊण तास बोलले. गाणी नव्या यंत्रात हलवली, जुनं यंत्र पुसून कोरं केलं आणि एका शाळेला दान दिलं, अर्थात फोटो काढून. हलवण्याआधी उलामिलाने प्रत्येक फायलीचा ओळख-आकडा काढून ठेवला होता. फायलीत कणभर जरी फरक पडला तरी हा आकडा पार बदलतो.

"उला, गाण्यांच्या कुंडल्या मांडतेस होय? लग्नं जुळवायचीत का?" दिवेंद्र म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं.

नव्या यंत्रावर आकडे पुन्हा ताडून बघायला तिने दोन दिवस मागितले. ते मिळाले नाहीत. उद्घाटनाचा केक आधीच सांगून ठेवला होता.

ऑगस्टमध्ये कंदावू बेटावरून सेवानाइया नावाचे म्हातारे काका आले. होडी पाण्यात लोटताना म्हणायचं एक गाणं त्यांच्या आईच्या आवाजात संग्रहात होतं. नातीच्या लग्नात वाजवायला त्यांना ते सीडीवर हवं होतं. उलामिलाने लावून दिलं. अर्ध्यावर काकांनी हात वर केला.

"हे मधेच करकरलं काय?"

"जुनी टेप आहे, काका. तेवढं चालायचंच," दिवेंद्र म्हणाले.

"दोन वर्षांपूर्वी नव्हतं."

"दोन वर्षांत कानही थकले असतील."

"कान थकले असते तर करकर ऐकू आली नसती, बाबा."

दिवेंद्रांनी यंत्राकडे बोट दाखवलं. हिरवा दिवा लागलेला, पडद्यावर 'सर्व डिस्क निरोगी'. यंत्र स्वतःच्या तब्येतीचा दाखला स्वतःच देत होतं आणि साहेब तो मान्य करत होते. "नोंदवहीत लिहून टाक, मूळ टेपमधला दोष," असं सांगून ते जेवायला गेले.

उलामिलाने लिहिलं नाही. तिने काकांना विचारलं, "दोन वर्षांपूर्वीचं गाणं आहे का तुमच्याकडे?"

काकांनी पिशवी उपसली. कसाव्याच्या कंदांच्या पुडक्याखालून पेनड्राइव्ह निघाला. तेव्हा तिनेच भरून दिलेला; लग्नातल्या जुन्या प्लेयरला तो चालत नव्हता, म्हणून तर काका सीडी मागायला आले होते. त्यातल्या फायलीचा आकडा तिच्या यादीशी तंतोतंत जुळला. नव्या यंत्रातल्या फायलीचा जुळला नाही.

मग तिने सहा हजार आकडे ताडायला लावले. तिसऱ्या दिवशी यादी हातात आली: एकेचाळीस गाणी बिघडलेली. बॅकअप होताच. दर शुक्रवारी तो बिघडलेलं गाणं जसंच्या तसं, अत्यंत इमानदारीने आधीच्या चांगल्या प्रतीवर उतरवून ठेवत होता.

बिघाड कुठला, हे शोधायला तिने काकांच्या दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. शेकडो ठिकाणी फरक होता, पण दर वेळी त्याच जागेवरचा एक बिट उलटलेला, शून्याचा एक झालेला. डिस्क मरायला लागली की ठिकठिकाणी अडते, तक्रार करते. इतक्या शिस्तीत चुकते ती मेमरी. फायली हलवताना प्रत्येक गाणं मेमरीच्या पट्टीतून गेलं होतं आणि पट्टीचा एक कोपरा नासका होता; त्या कोपऱ्यात आली तेवढीच गाणी बिघडली. तिने पट्टी काढून तपासणीला लावली. वीस मिनिटांत पडदा लाल ओळींनी भरला. हिरवा दिवा तेवढ्याच आनंदात जळत होता.

तिने यादी दिवेंद्रांच्या टेबलावर ठेवली.

"यंत्र काही बोललं का नाही मग?" त्यांनी विचारलं.

"त्याला माहीतच नव्हतं, बॉस. ते तुमच्यासारखंच निवांत होतं."

दिवेंद्रांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

बुरशीने खाल्लेल्या मूळ टेपा धुऊन, वाळवून चोवीस गाणी परत आली. चौदा गावकऱ्यांकडच्या प्रतींतून मिळाली, काकांचं त्यातलंच. तीन कायमची गेली. अहवालात दिवेंद्रांनी लिहिलं की संग्रहालयाच्या दक्ष यंत्रणेने दोष वेळीच हेरला. पाच महिने म्हणजे वेळीच. नादी शहरातल्या परिषदेत त्यांना त्यावर बोलायला बोलावलं आणि ते गेलेही.

तीन गावांना फोन करायचं काम उलामिलाकडे आलं. ओवालाऊ बेटावरच्या तोरिकाबाईंच्या भावाने म्हटलेलं अंगाईगीत गेलं होतं. भाऊ सहा वर्षांपूर्वी वारला होता. उलामिला माफी मागत राहिली.

"रडतेस कशाला?" बाई शेवटी म्हणाल्या. "मला येतं थोडंफार. रेकॉर्ड करायचं यंत्र घेऊन ये."

पुढच्या शनिवारी ती बोटीने गेली. तोरिकाबाई ओसरीत चटईवर बसल्या, पहिलं कडवं नीट म्हटलं, दुसऱ्यात अडल्या, मधेच तारोच्या, अळूसारख्या कंदाच्या, वाफ्यात शिरलेल्या कोंबडीला शिव्या दिल्या.

"हे काढून टाकशील ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," उलामिला म्हणाली. "म्हणा पुढचं."