शेवटच्या सेक्टरचा अंधार

मी क्षमाशील नाही, हे आधीच सांगते. एका माणसाला आपल्यासमोर घाम फुटावा, ही इच्छा मी सहा वर्षं जपली होती आणि तो दिवस आला तेव्हा मला फार बरं वाटलं.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, शाहपुऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी उपग्रहाची छायाचित्रं वाचायचं काम करते. त्यात रात्रीची चित्रं असतात. उपग्रह मध्यरात्रीनंतर वरून जातो आणि खालचा उजेड टिपतो. वीज पोचली असं कागदावर लिहिलेल्या गावात ती खरंच पोचली का, हे आम्ही त्यावरून पाहतो. एकेक दिवा त्यात दिसत नाही. चार-पाच गल्ल्या मिळून एक राखाडी चौकोन होतो, इतकंच. पण तो चौकोन कुणाला साहेब म्हणत नाही आणि कुणाच्या तोंडाकडे पाहून रंग बदलत नाही.

तो माणूस आला तो एका दुपारी, हातात मिठाईचा डबा घेऊन. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या वीज विभागाचा निवृत्त अधिकारी, आता तळ्याकाठच्या बंगल्यात राहणारा. निवृत्त अधिकाऱ्यांची स्मरणिका निघणार होती आणि तिच्या मुखपृष्ठावर त्याला आकाशातून दिसणारी, रात्रीची झगमगती टाउनशिप हवी होती. "माझ्या कारकिर्दीतली हं, मॅडम," तो म्हणाला. "तेव्हा काय उजेड असायचा."

त्याने मला ओळखलं नाही. मी मात्र त्याला दारातच ओळखलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हा आमच्या पंगतीला बसलेला, आईच्या हातच्या मोदकांचं तोंड भरून कौतुक केलेला माणूस. माझ्या बाबांची अब्रू मातीत घालणारा.

बाबा त्याच्याच विभागात इलेक्ट्रिशियन होते. आमच्या टाउनशिपमध्ये रस्त्यांचे दिवे आपोआप लागत नसत. प्रत्येक सेक्टरच्या तोंडाशी खांबावर एक लोखंडी पेटी होती. संध्याकाळी सायकलवरून फेरी मारून तिच्यातला स्विच पाडायचा, सकाळी पुन्हा फेरी मारून उचलायचा आणि रजिस्टरमध्ये वेळेसमोर 'चालू' किंवा 'बंद' लिहून सही करायची. बाबांनी तीस वर्षं ही फेरी केली. आमच्या घरी संध्याकाळचा चहा फेरीच्या आधी व्हायचा आणि जेवण फेरीनंतर.

शेवटच्या वर्षी याच साहेबांनी तोंडी हुकूम दिला. सोनागिरीच्या बाजूच्या शेवटच्या सेक्टरमधले निम्मे क्वार्टर रिकामे पडले होते, तर तिथले रस्त्याचे दिवे लावायचे नाहीत. रजिस्टरमध्ये मात्र 'चालू' लिहायचं, कारण नियमाने वस्तीतला रस्ता अंधारात ठेवता येत नाही. वीज वाचवल्याबद्दल साहेबांना ढाल मिळाली. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "साहेबांनी सांगितलंय, म्हणजे काहीतरी विचार असेल." आमच्याकडे ही चूक सगळेच करायचे. साहेबाचा शब्द लेखी हुकमापेक्षा पक्का मानायचा आणि सही मात्र स्वतःची ठोकायची.

आठ महिन्यांनी दुसऱ्या पाळीवरून परतणारा एक कामगार त्या अंधारात सायकलसकट उघड्या गटारात पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. चौकशी बसली. साहेबाने हात वर केले. असा हुकूम मी दिलाच नाही, हा माणूस कामचुकार आहे, त्या आठवड्यात फेरीच चुकवली आणि खोटं लिहिलं, असं त्याने चौकशीत सांगितलं. निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना बाबा निलंबित झाले.

निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे मिरवणूक निघते. कारखान्याच्या गेटपासून घरापर्यंत, गळ्यात हार, पुढे ढोल, मागे सगळा विभाग. घराघरांतून बायका ओवाळायला येतात. टाउनशिपमधल्या माणसाच्या आयुष्यात लग्नानंतरची ही दुसरी वरात. बाबांच्या तारखेला आईने तरीही श्रीखंड केलं आणि दार उघडं ठेवलं. संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. शेवटी स्वतःच उठून त्यांनी दार लावून घेतलं. पुढे आम्ही इंद्रपुरीत लहानसं घर घेतलं. आई दोन वर्षांनी गेली. बाबा त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत, पण कारखान्याच्या गेटवरून जायची वेळ आली की ते लांबचा रस्ता धरायचे.

तर त्या माणसाला मी म्हटलं, "शोधून ठेवते. गुरुवारी या."

त्याच्या कारकिर्दीतली चित्रं मी एकेक करून उघडली. ढगांच्या रात्री वगळल्या. टाउनशिप खरोखरच छान दिसत होती, काळ्या पाटीवर रांगोळीचं पीठ सांडावं तशी. आणि मग तिचा एक कोपरा विझला. शेवटचं सेक्टर. पुढच्या महिन्यात विझलेलंच, त्याच्या पुढच्या महिन्यातही. एक आठवडा नाही, पुरते आठ महिने. त्यांतला एक महिना बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते आणि फेरी दुसरा माणूस करत होता. सेक्टर त्या महिन्यातही काळंच होतं. मी खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ, लॉटरी लगी क्या?" मी मान हलवली.

गुरुवारी तो आला. मी चित्रं टेबलावर ओळीने मांडली आणि त्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली. प्रत्येक चित्राचा महिना मोठ्याने वाचत गेले. चौथ्या महिन्यापाशी त्याचं हसू गेलं. सहाव्यापाशी त्याने विचारलं, "तुम्ही कोण?" मी बाबांचं नाव सांगितलं.

तो कसलेला होता. रुमालाने मान पुसत म्हणाला, "रजिस्टरमध्ये सही तुझ्या वडिलांची आहे, बेटा. माझी नाही."

"रजेच्या महिन्यात त्यांची नाही," मी म्हटलं. "आणि दर आठवड्याला पानाच्या तळाशी तपासल्याची सही तुमची. ही चित्रं स्मरणिकेच्या समितीकडे पाठवते. मुखपृष्ठ छान होईल."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी ते डोळे भरून पाहिलं. किती वेळ पाहिलं ते माहीत नाही, पण त्याला पाणी विचारलं नाही, हे नक्की आठवतं.

"काय हवंय तुला?"

लेखी कबुली मागता आली असती. पण कबुली म्हणजे रजिस्टर पुन्हा उघडणार आणि बाबांनी महिनोन्महिने रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहिलेलं 'चालू' जगासमोर येणार. म्हणून मी मिरवणूक मागितली. गेटपासून इंद्रपुरीपर्यंत, भर दुपारी, त्याने पायी चालत, विभागातली जुनी माणसं गोळा करून. हार त्याने स्वतः घालायचा आणि चूक माझी होती, असं चारचौघांत म्हणायचं. मी पाठवलं, हे मात्र बाबांना कधी कळू द्यायचं नाही.

तो आला. एका रविवारी ढोल आमच्या गल्लीत शिरला. पुढे तो, घामाने निथळत, हातात झेंडूचा हार. मागे पंचवीस-तीस माणसं, बरीचशी पिकलेली. शेजारीण म्हणाली, "अरे वाह, साहब खुद पैदल आए हैं." बाबा दारात आले ते बनियनवर. त्याने हार घातला आणि मान खाली घालून ते वाक्य म्हटलं. मी गच्चीवर उभी राहून त्याचा एकेक शब्द चाखला.

बाबा रडले. मग त्यांनी त्या माणसाला मिठी मारली.

हे मी हिशेबात धरलं नव्हतं. त्यांनी त्याला आत नेऊन आपल्या खुर्चीत बसवलं आणि मला हाक मारली, "साहेबांना चहा कर." मी चहा केला. जाताना तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमचे वडील देवमाणूस आहेत." त्याला काय मिळालं आहे, हे माझ्याआधी त्याच्या लक्षात आलं होतं.

तेव्हापासून बाबांच्या तोंडी त्याचंच नाव आहे. चूक कबूल करायला एवढा मोठा माणूस पायी आला, असं ते भाजीवाल्यालाही सांगतात. टाउनशिपमध्ये त्याच्याबद्दल जे कुजबुजत होते, तेही आता त्याला मोठ्या मनाचा म्हणतात. त्याच्या बंगल्यातलं वायरिंग जुनं झालंय, तर बाबा दर रविवारी तिथे जातात, शिडीवर चढतात, दिवे बदलतात. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. स्कूटरवरून मीच सोडते त्यांना. मी आत जात नाही, फाटकापाशी थांबते.

गेल्या रविवारी बाबा पेचकस खिशात घालत स्कूटरवर बसले आणि मला रागावले. "तू त्यांच्याशी धड बोलतसुद्धा नाहीस," ते म्हणाले. "एवढ्या जगात एकट्या त्या माणसाने तुझ्या बापाची लाज राखली. पुढच्या वेळी आत ये आणि पाया पड."

मी बरं म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.