दवाखान्यातली अंबाडी

मुलांनो, परवा फोनवर आजोबा तुमची नावं विसरले, म्हणून आज तुमची आजी हे लिहिते आहे.

आजोबांना दाखवायला लातूरच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा आमच्या शेजारी एक बाई बसली होती. तिने नवऱ्याच्या मांडीवर अंबाडीची जुडी ठेवली होती. तो एकेक पान खुडत होता आणि खाली पडलेलं ती पदरात गोळा करत होती.

"डॉक्टर म्हणतात, पालेभाजी मेंदूला चांगली. फरक पडतो का हो?" मी विचारलं.

"हे मला मावशी म्हनत्यात," ती हसली. "लग्नाची बायको, अन् मावशी! पर किडकं पान अजून वळखत्यात. हाय तेवढं तरी ऱ्हाऊ दे, म्हून रोज खाऊ घालते, बाई."

आता आमच्याकडेही रोज पालेभाजी असते. आजोबा माझ्यासमोर बसून ती निवडतात. मला ते अजून नावाने हाक मारतात.